आठ वाटसरू आणि एक वही

या वेळी एका व्हिडिओ गेमबद्दल लिहितोय. नेहमीच्या वाचकांपैकी निम्मे इथेच थांबतील याची कल्पना आहे. जे थांबणार नाहीत त्यांना एवढंच सांगतो, की गेम न खेळणाऱ्यालाही कळेल असं लिहायचा प्रयत्न केलाय. आणि ज्यांना हा गेम पुढेमागे खेळायचा आहे त्यांनी मात्र जपून वाचा, कारण त्यातलं एक मोठं रहस्य मी इथे फोडणार आहे.

गेमचं नाव 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर'. स्क्वेअर एनिक्स आणि अक्वायर या जपानी कंपन्यांनी तो बनवला आणि जुलै 2018 मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला. माझ्या हाती पडला बऱ्याच उशिरा. आतेभाऊ दुबईहून सुट्टीवर आला होता, तो परत जाताना त्याचं स्विच माझ्याकडे ठेवून गेला. "रात्री झोप लागत नाही म्हणतोस ना, मग हे घे," म्हणाला. अब्बांना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. अम्मी इद्दतमध्ये होती. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस बाईने घरातच राहायचं, साधं राहायचं, असा आमच्यात नियम आहे. ती मधल्या खोलीत तसबीह घेऊन बसायची आणि मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, आवाज बारीक करून, गेम घेऊन.

टीव्हीखालच्या कपाटात अब्बांच्या शिलाईच्या दुकानातून आणलेली वही होती. दफन झालं तेव्हा कब्रस्तानात मीच उभा राहून सांगितलं होतं, की अब्बांकडून कुणाचं काही येणं असेल तर माझ्याकडे या, मी फेडेन. घरातला थोरला म्हणून ते सांगायचं असतं. मयताचं देणं फिटल्याशिवाय वारसांची वाटणीसुद्धा करता येत नाही, इतकं ते महत्त्वाचं. कोणी आलं नाही. उरली ती वही, आणि ती मी उघडत नव्हतो. अक्षर दिसेल म्हणून उघडत नव्हतो हे एक कारण. दुसरं असं, की एकदा वरवर चाळली होती तेव्हा त्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

तर गेम.

जपानी रोल-प्लेइंग गेम हा प्रकार 1986 साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने आणि पुढच्या वर्षीच्या 'फायनल फँटसी'ने रुळवला. आपण एक पात्र घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, रानावनात राक्षसांशी लढायचं आणि लढून लढून ताकद वाढवायची. लढाई पत्त्यांच्या डावासारखी पाळीपाळीने चालते. आधी तुम्ही मारा, मग समोरचा मारेल. घाई नाही. पाणी प्यायला उठलात तरी राक्षस बिचारा उभा राहतो.

'ऑक्टोपाथ'मध्ये असे एक नाही, आठ नायक आहेत. दिवा घेऊन तीर्थयात्रेला निघालेली धर्मसेविका ओफिलिया, एका हरवलेल्या ग्रंथाच्या मागे लागलेला विद्वान सायरस, व्यापारी पोरगी ट्रेसा, राजा गमावलेला योद्धा ओल्बेरिक, बापाच्या खुन्यांना शोधणारी नर्तकी प्रिमरोझ, गावोगाव औषधं देत फिरणारा अल्फिन, चोर थेरियन आणि शिकारीण हानित. या आठांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं ओळीने लावली की 'ऑक्टोपाथ' होतं. प्रत्येकाची गोष्ट चार अध्यायांची, म्हणजे एकूण बत्तीस अध्याय.

पहिल्या रात्री मी नुसता बघत बसलो. पात्रं अगदी जुन्या व्हिडिओ गेमसारखी, ठिपक्याठिपक्यांची, बोटभर उंचीची. पण त्यांच्या आजूबाजूचं जग खोल, उजेड-सावलीचं. बर्फाळ गावात खिडकीतून पडलेला पिवळा उजेड, समुद्रकाठच्या गावात पाण्यावरची चमक, वाळवंटात उडणारी धूळ. एखाद्या कारागिराने खोक्यात गाव मांडून आत दिवा लावावा, तसं. संगीत यासुनोरी निशिकी यांचं आहे. त्यात एक फार सुंदर गोष्ट केली आहे. अध्यायाच्या शेवटी मोठा शत्रू समोर येतो, तेव्हा आधी त्या त्या नायकाची स्वतःची धून वाजते आणि तीच चढत चढत लढाईच्या संगीतात मिसळते. ओफिलियाची हळवी धून आणि ओल्बेरिकची मर्दानी धून वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच लढाईत उतरतात. मी हेडफोन लावून बसायला लागलो.

आणखी एक आवडलेली गोष्ट. गावातल्या जवळपास प्रत्येक माणसाशी काहीतरी करता येतं. ट्रेसा त्याच्याकडची वस्तू विकत घेऊ शकते, थेरियन तीच चोरू शकतो, ओफिलिया त्याला सोबत घेऊन चालू शकते. सायरस आणि अल्फिन लोकांची माहिती काढतात. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या म्हातारीबद्दल चार ओळी वाचायला मिळतात. ती कुठून आली, कुणाची वाट बघतेय, कुणापासून काय लपवतेय. कथानकात तिचं काही काम नसतं. तरीही कुणीतरी बसून तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या आहेत. कितीतरी तास मी राक्षसबिक्षस सोडून नुसता हेच करत हिंडलो. ट्रेसाच्या गोष्टीत तर तिच्यासारखाच एक तरुण, बोलघेवडा व्यापारी भेटतो, त्याचं नाव अली. आधी स्पर्धा करतो, मग मित्र होतो. व्हिडिओ गेममध्ये अशा नावाचा माणूस दिसला की आपण जरा सावरून बसतो, तलवार किंवा बॉम्ब काढतोय का बघतो. हा आपला माल विकत होता. बरं वाटलं.

इतकं कौतुक केल्यावर तक्रारही करतो.

चौथ्या-पाचव्या नायकापर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी एकच अध्याय पुन्हा पुन्हा खेळतोय. गावात या. एक प्रसंग बघा. नायकाला जे एक काम येतं ते कुणावर तरी करा. मग गुहा, जंगल किंवा वाडा. तिथे दहा पावलं टाकली की लढाई, पुन्हा दहा पावलं की लढाई. शेवटी मोठा शत्रू. मग भावुक प्रसंग, आणि पुढच्या गावाचं नाव. हे बत्तीस वेळा. लढाईची रचना तशी हुशार आहे. प्रत्येक शत्रूपुढे ढालीचा आकडा असतो. त्याची कमजोरी, म्हणजे कुऱ्हाड की बाण, आग की बर्फ, शोधून तिथे मारलं की आकडा एकेक उतरतो. शून्यावर आला की शत्रू कोलमडतो आणि एक पाळी गमावतो. आपल्याला दर पाळीला एक गुण मिळतो. ते पाचापर्यंत साठवायचे आणि शत्रू कोलमडला की एका वेळी तीन खर्चून जोराचा घाव घालायचा. साठवा आणि उधळा. पहिले वीस तास यात मजा आहे. साठाव्या तासाला हात आपोआप चालतात आणि डोकं भलतीकडेच असतं.

त्यात भर म्हणजे एका वेळी चारच जण सोबत चालतात. उरलेले चार गावच्या खानावळीत बसून राहतात आणि त्यांची ताकद काही वाढत नाही. चौथ्या अध्यायाला साधारण पंचेचाळिसाव्या पायरीची ताकद लागते. म्हणजे जो मागे राहिला त्याला घेऊन त्याच त्या रानात फेऱ्या मारा. एका रात्री अम्मी पाणी प्यायला उठली आणि माझ्यामागे उभी राहून बघू लागली.

"हा मघाशीच मेला होता ना रे?"

"हा दुसरा आहे, अम्मी."

"दिसतो तर तोच."

खरं होतं. रंग बदलून तोच आणला होता.

पण या सगळ्याहून मला खुपलं ते वेगळंच. हे आठ जण एकमेकांशी बोलत नाहीत. प्रिमरोझ बापाच्या खुन्यासमोर उभी राहते, तेव्हा त्या प्रसंगात ती एकटीच असते. तिच्याबरोबर चाळीस तास चाललेले बाकीचे तिघं कुठे जातात कोण जाणे. लढाई सुरू झाली की हजर, संपली की गायब. थेरियन एका म्हातारीचा शेवटचा दागिना चोरतो आणि शेजारी उभी असलेली धर्मसेविका ओफिलिया हूं की चूं करत नाही. मधूनमधून बटण दाबलं तर दोघांचं छोटंसं संभाषण ऐकू येतं, पण ते टाळलं तरी काही बिघडत नाही. आठ माणसं एका रस्त्याने चालतात आणि प्रत्येकाचं दुःख ज्याचं त्याच्या खिशात.

मी आतेभावाला मेसेज केला, "गेम गोड आहे रे, पण तेच तेच किती?" त्याचं उत्तर आलं, "तू दिवसातून पाच वेळा काय करतोस मग?"

चेष्टा होती, पण डोक्यात राहिली. तुलना करताना जीभ चावतो, तरी हिशेब मांडून पाहिला. रोजच्या फर्ज नमाजच्या सतरा रकात. प्रत्येक रकातीत तीच सूरह फातिहा. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा हे कबूल करतो. अब्बा गेल्यानंतरच्या त्या दिवसांत मात्र दुसरं काहीच धड जमत नव्हतं तेव्हा तेवढं जमत होतं. काय बोलायचं ते ठरलेलं होतं, कुठे वाकायचं ते ठरलेलं होतं. आणि शब्द तेच असले तरी कालच्या फजरला मी काय घेऊन उभा होतो आणि आज काय घेऊन उभा आहे, हे ऐकणाऱ्याला माहीत आहे असं मी मानतो. गेममधल्या फेऱ्यांत तसं कुणी नाही. तिथे बत्तिसाव्या अध्यायालासुद्धा पहिल्या अध्यायाची कुणाला आठवण नसते. मला कंटाळा आला तो याचा असावा. तेच तेच करण्याला माझी हरकत नव्हती.

तरी मी खेळत राहिलो, कारण थांबलो तर वही होती.

अल्फिनची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटली. लहानपणी तो मरता मरता वाचलेला असतो. एक फिरता वैद्य येतो, औषध देतो, पैसे घेत नाही आणि निघून जातो. म्हणून अल्फिनही तसाच गावोगाव फुकट औषधं देत निघतो. तिसऱ्या अध्यायात तो एका जखमी माणसाला वाचवतो. तिथला दुसरा वैद्य आधीच नाही म्हणालेला असतो, कारण हा माणूस खुनी आहे हे त्याला ठाऊक असतं. बरा झालेला तो खुनी एका लहान मुलाच्या जिवावर उठतो. शेवटी अल्फिनला, ज्याला स्वतः वाचवलं त्यालाच मारावं लागतं. पुढे आपण हे काम का करतो या प्रश्नाने तो पार खचतो. या अध्यायाची चौकटही तीच, गाव-गुहा-शत्रू. पण त्या रात्री मी चौकट विसरलो.

आणि आता ते रहस्य.

आठही गोष्टी संपल्या की गेम संपल्यासारखा वाटतो. पण काही ठरावीक छोटी कामं पुरी केली, तर एक शेवटचं दार उघडतं. त्यातला एक धागा किट नावाच्या तरुणाचा. तो हरवलेल्या बापाला शोधत हिंडतोय. दाराच्या आत आठ जुने शत्रू पुन्हा उभे ठाकतात, आणि एकेकाला हरवलं की वाचायला एकेक चिठोरा मिळतो. ते तुकडे जोडत गेलं की कळतं, की किटच्या बापाचं नाव ग्रॅहम क्रॉसफर्ड. लहानग्या अल्फिनला वाचवणारा तो फिरता वैद्य म्हणजे हाच. ट्रेसाला प्रवासाची ओढ लावणारी जी रोजनिशी ती पहिल्या अध्यायापासून उराशी धरून फिरते, ती लिहिणारा हाच. त्याची बायको वारली होती. ती परत मिळेल या आशेवर तो एका बाईच्या नादी लागला, आणि तिने त्याचं जनावर केलं. ज्याची नजर पडेल त्याचा दगड व्हावा असं लाल डोळ्यांचं जनावर. तेच, ज्याला शिकारीण हानितने तिच्या चौथ्या अध्यायात मारलं होतं. म्हणजे मी मारलं होतं. अल्फिन त्या लढाईत माझ्यासोबत होता. ट्रेसाही होती, पिशवीत त्याची वही घेऊन.

मी स्विच खाली ठेवलं. रात्रीचे दोन वाजले असतील. डोक्यात एकच चाललं होतं. कुठल्या तरी संध्याकाळी खानावळीत बसून हे तिघं एकमेकांना आपापली गोष्ट सांगते तर? अल्फिन म्हणाला असता, तो वैद्य असा असा दिसायचा. ट्रेसा म्हणाली असती, माझ्या रोजनिशीतही असाच एक वैद्य आहे. तिघांकडे एकेक तुकडा होता. कुणी कुणाला विचारलं नाही. गेम लिहिणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं, की आठ वेगळ्या गोष्टी शेवटी घाईने शिवून टाकल्या, यावर खेळणारे भांडू शकतात. मला स्वतःला शिवण थोडी उशिरा घातल्यासारखी वाटते. साठ-सत्तर तास ज्या गोष्टीची वाट बघायला लावली ती चिठोऱ्यांत सांगून टाकली, हे काही मला पटलं नाही. पण त्या रात्री माझ्यावर परिणाम व्हायचा तो झाला.

मधल्या खोलीत दिवा होता. अम्मी जागीच होती. मी कपाटातून वही काढली आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.

"अम्मी, यातलं मला काही कळत नाही. पाववाला, जमा 400. हे आपण द्यायचेत की आपले यायचेत?"

तिने चष्मा मागितला. वही हातात घेऊन थोडा वेळ नुसती धरून बसली. मग म्हणाली, "जमा म्हणजे त्याने आगाऊ दिलेत. पोराच्या सुन्नतचा कुर्ता शिवायचा होता. कापड दुकानात असेल बघ, निळ्या पिशवीत." पुढची ओळ होती 'कोपऱ्यावरची, बाकी 650'. "ते येणं आहे, पण मागू नकोस. ती विधवा आहे. तुझे अब्बा दर ईदला तिच्या मुलींचे कपडे शिवायचे आणि वहीत नुसतं लिहून ठेवायचे." मग हसली. "लिहायचे कशाला कोण जाणे. घ्यायचे तर कधी नव्हतेच."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन महिने आम्ही एका घरात, मध्ये एक दार, दोघंही रात्र रात्र जागे. ती मणी मोजत होती आणि मी ढालीचे आकडे. वही वाचायला तिच्याइतकं योग्य माणूस दुसरं कुणी नव्हतं, आणि मी तिला विचारलं नव्हतं. तिला त्रास होईल म्हणून विचारलं नाही असं मी स्वतःला सांगत होतो. तीही म्हणाली, की तू काढशील तेव्हा काढशील म्हणून मी बोलले नाही.

फजरच्या अजानपर्यंत आम्ही एकवीस ओळी लावल्या. देणं सगळं मिळून सहा हजारांच्या आतलं निघालं. बहुतेक आगाऊ घेतलेले पैसे, शिवून न झालेल्या कपड्यांचे. पुढच्या आठवड्यात मी एकेकाकडे जाऊन आलो. पाववाल्याने पैसे घेतले नाहीत, कापड तेवढं घेतलं, आणि मला जबरदस्तीने चहा पाजला. एक ओळ मात्र अम्मीलाही लागली नाही, 'पांढरा, जमा 300'. ते तीनशे एका पाकिटात घालून वहीतच ठेवले आहेत. मौलानांना विचारलं, ते म्हणाले, शोध घे, माणूस नाहीच सापडला तर त्याच्या नावाने सदका कर. अजून शोधतोय. मी लहान असताना अब्बांकडे पांढरे कुर्ते कोण कोण शिवायचं, ते आठवतोय.

गेम घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण सलग खेळू नका. एका दिवशी एक अध्याय पुरे. खानावळीतल्या दोघांचं संभाषण ऐकायची सूचना पडद्यावर आली तर बटण दाबा, टाळू नका. गावातल्या लोकांच्या त्या चार ओळी वाचा. लढायांत कंटाळा येईल, येऊ द्या.

माझा मात्र तो पुरा झालेला नाही. त्या शेवटच्या दारामागे आठ लढाया आणि त्यानंतर गाल्डेरा नावाचा जो पडका देव आहे, तिथपर्यंत मध्ये कुठेही सेव्ह करता येत नाही. शेवटच्या लढाईला आठही जण लागतात, चार-चारच्या दोन तुकड्या करून. खानावळीत बसवून ठेवलेल्यांची आठवण तेव्हा होते. माझे चौघं कच्चे निघाले, आणि हरलो की सगळं पहिल्यापासून. तीन वेळा हरलो. मग आतेभाऊ आला आणि स्विच घेऊन गेला.

अम्मीची इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दुकान उघडून झाडलं. मशीन पुसता पुसता तिने विचारलं, "त्या पोराला कळलं का रे शेवटी, बाप कुठे गेला ते?"

मी म्हटलं, अजून तिथपर्यंत पोचलो नाही.